मालवणच्या पाण्याखालची वीतभर जागा आणि आपला पंधरा मिनिटांचा डाइव्ह

ओहोटी (धागालेखिका)

गेल्या मार्चमध्ये मालवणला गेले होते. किल्ल्याच्या मागच्या बाजूला, चारेक मीटर पाण्यात, एका खडकावर तोंड खाली करून तरंगत होते. पाणी त्या दिवशी स्वच्छ होतं, खालचा खडक नीट दिसत होता. मालवणात एवढं दिसलं की दिवस चांगला म्हणायचा. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मुलांना किनाऱ्यावर नेलं की जे करायला लावते तेच स्वतः करायचं ठरवलं: एकच वीतभर जागा निवडायची आणि दहा मिनिटं तिथून नजर हलवायची नाही.

खडकावर केशरी स्पंजाचा थर होता, कुणी रंग फासून ठेवल्यासारखा. त्याच्या कडेला झोअँथिड, म्हणजे हिरवट बटणं एकमेकांना खेटून शिवल्यासारखे दिसणारे जीव. फटीत समुद्री साळिंदराचे काळे काटे, आणि दोन काट्यांच्या मध्ये एक आरपार दिसणारी कोळंबी. तिचे डोळे हलले म्हणून ती आहे हे कळलं. वरच्या अंगाला टर्बिनेरिया जातीच्या प्रवाळाचा पत्रा, काठाशी दुमडलेल्या पोळीसारखा. आणि स्पंजावर नखाएवढी, कवच नसलेली गोगलगाय, पाठीवर कल्ल्यांचा तुरा. तोच स्पंज ती खात होती. तिच्या मागे पांढरी बारीक फीत गुंडाळून चिकटवलेली होती, ती तिची अंडी.

मग वरून एक पाय आला. पंचविशीतला मुलगा, पहिल्यांदाच पाण्याखाली, गाइडने त्याला मागून सिलिंडरला धरलेलं. त्याने जीव मुठीत धरून पाय टेकले ते त्या पत्र्यावर. पापडाचा तुकडा मोडावा तसा काठ मोडला. गाइडने त्याला खडकावर गुडघे टेकवले, हात प्रवाळावर ठेवायला लावला, व्हिडिओ काढला. दुसऱ्याने बाटलीतून ब्रेडचा चुरा सोडला, पट्टेदार मासे तुटून पडले. गाळ इतका उठला की मला माझाच हात दिसेना. गाळ खाली बसल्यावर पाहिलं तर गोगलगाय नव्हती. अंड्यांची फीत अर्धी होती.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला पोहता येत नव्हतं, तो घाबरला होता आणि वर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो खरा होता. मला फक्त हे खटकतं की मालवणला जाऊन आलेली माणसं "मासे बघितले, कोरल बघितलं" एवढंच सांगतात. त्या खडकावर जे राहतात, ज्यांना पाठीचा कणा नाही, पळता येत नाही किंवा पळण्याचा वेग दिवसाला काही फूट आहे, त्यांचं नावही कुणाच्या तोंडी येत नाही. स्पंज, प्रवाळ, समुद्रपुष्पं, समुद्रकाकड्या, फेदर स्टार, शंख, कवड्या, खेकडे. मासा निदान बाजूला होतो.

थोडी पार्श्वभूमी. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक. आपण डाइव्हला उतरतो तो भाग बहुतेक हाच किंवा याला लागूनच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये मालवणात करमणुकीच्या डाइव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर शोधनिबंध लिहिला आहे. म्हणजे हे माझ्या एकटीच्या डोळ्यांना दिसलं असं नाही.

धागा काढण्याचं कारण: बंदी मागायला मी आलेले नाही. आपण, पैसे देऊन पाण्यात उतरणारी माणसं, गाइडकडे काय मागतो यावर बरंच अवलंबून आहे असं मला वाटतं. फोटो मागितला तर फोटो मिळतो. दुसरं काही मागितलं तर काय मिळेल? ज्यांनी डाइव्ह केलाय, जे तिथे राहतात, जे तिथे काम करतात, त्यांनी लिहावं.

चिकूवाडी

आम्ही दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब केलाय आणि आमचा प्रवाळाला हात लावलेला फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात आहे. वाचून वाईट वाटलं. पण मनापासून विचारतो, नुसत्या हात लावण्याने काय होतं? हाताला तर तो दगडच लागतो.

ओहोटी

चिकूवाडी, विचारलंत ते बरं केलंत, कारण सगळ्यांनाच तो दगड वाटतो. आतला सांगाडा दगडच आहे, चुन्याचा. जिवंत भाग म्हणजे त्याच्यावरचं काही मिलिमीटर जाडीचं मांस. साईचा थर समजा. बोट दाबलं, नख लागलं, गुडघा घासला की ती साय फाटते आणि खालचा चुना उघडा पडतो. उघड्या चुन्यावर शेवाळ आधी येऊन बसतं. आजूबाजूचं प्रवाळ धडधाकट असेल तर जखम भरते, पण त्यासाठी लागणारी ताकद वाढीतून आणि प्रजननातून वजा होते. पोराइटससारखं गोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. तुमच्या फोटोतलं कलिंगडाएवढं असेल तर ते तुमच्या मुलांच्या वयाचं असू शकेल.

गाळाचंही तसंच. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याच्याकडून प्रवाळाला बरंचसं अन्न मिळतं. गाळ बसला की उजेड अडतो आणि तो झटकायला प्रवाळ चिकट स्राव सोडत राहतं. एकदा झालं तर चालतं. एकाच खडकावर दिवसभर होड्या लागत असतील तर त्याला उसंत मिळत नाही. स्पंज तर पाणी गाळूनच जगतात. त्यांची छिद्रं म्हणजे त्यांचं तोंड.

फोटो काढून टाकू नका. घरी येणाऱ्यांना तो दाखवून हेच सांगा.

रापणकार

धागा चांगला आहे, पण मला वेगळं म्हणायचंय आणि ते जरा कडक वाटेल.

मी किनाऱ्यावरचा. आमच्या घरात तीन पिढ्या रापण ओढली, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. १९८७ ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा "आता मासेमारी बंद" या भीतीने गाव पेटलं होतं, ते लहानपणी मी बघितलंय. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आता पर्यटनाने चार पैसे मिळायला लागले, मुंबईला हॉटेलात नाहीतर सिक्युरिटीत गेलेली मुलं परत आली, तर पुन्हा शहरातून कुणी येऊन सांगतंय की तुमच्यामुळे समुद्र मरतोय.

प्रवाळ कशाने मरतंय ते आधी बघा. पाणी तापतंय. जगभरात २०१० ला प्रवाळं पांढरी पडली, २०१६ ला पडली, एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक विरंजनाची घटना जाहीर केली. लक्षद्वीपला त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. त्या उष्णतेपुढे एका पोराचा पाय काय? पर्ससीनवाले, म्हणजे थव्याला वेढणारी मोठी जाळी टाकणारे, आणि एलईडी लावून मासे ओढणारे समुद्र खरवडून नेतात, त्यांच्यावर धागे काढा.

ओहोटी

रापणकार, तुम्ही लिहिलंत याबद्दल आभार. १९८७ मध्ये गावाला विचारलं गेलं नाही ही चूकच होती आणि तिची किंमत अभयारण्य अजून मोजतंय असं मला वाटतं.

पण तापमानाच्या मुद्द्यावर मी उलट बाजूला आहे. पाणी तापतं ते मालवणात बसून थांबवता येत नाही. पाय मात्र थांबवता येतो. उष्णतेने पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, ते सावरतं. तापातून उठलेल्या माणसाला आपण पडून राहू देतो. इथे एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत तापलेलं असतं आणि आपल्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. दोन्ही मार एकत्र बसतात.

निळी_शाई

रापणकारांचा राग समजतो. तरी थोडी माहिती देतो, कारण या प्रश्नावर जगात बराच अभ्यास झाला आहे.

कॅरिबियनमधल्या सेंट लुशियात डायव्हरांच्या मागे पोहून त्यांचे प्रवाळाला होणारे स्पर्श मोजले गेले. दोन गोष्टी लक्षात राहिल्या. कॅमेरा हातात असलेला माणूस जास्त वेळा टेकतो. आणि होडीवर दोन वाक्यांत दिलेल्या सूचनेने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो पाण्याखाली गाइडने हात पुढे करून त्या माणसाला बाजूला घेतलं तेव्हा. तांबड्या समुद्रात मात्र नीट, चित्रं दाखवून आणि पाण्यात उतरवून दिलेल्या माहितीने स्पर्श बरेच कमी झाले होते. म्हणजे फलक लावून भागत नाही, माणूस लागतो.

दुसरं, तांबड्या समुद्रावरच्या आणि कॅरिबियनच्या अभ्यासांतून एका जागी वर्षाला साधारण ५,००० ते ६,००० डाइव्ह हा आकडा पुढे आला, त्यापुढे नुकसान झपाट्याने वाढताना दिसलं. हा आकडा प्रशिक्षण घेतलेल्या, तरंगता येणाऱ्या डायव्हरांसाठी आहे. पोहता न येणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं खाली नेतात त्याचं गणित यात बसत नाही, ते याहून कडक असायला हवं.

कॅरिबियनमधल्याच बोनेर बेटाचं उदाहरण मला आवडतं. १९७९ पासून सागरी उद्यान. नांगर टाकायला बंदी, होड्या कायम बसवलेल्या बोयांना बांधायच्या. १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून शुल्क घेतात आणि ते उद्यानावरच खर्च होतं. पहिला डाइव्ह ओळखीचा, तोही सोप्या जागी. त्यानंतरच बाकीच्या जागा.

भरतीवेळ

मी मुंबईची, ओहोटीच्या वेळी किनारा बघायला नेणाऱ्या गटांबरोबर हाजी अली, कार्टर रोड, जुहूला जाते. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'मुळे ही आवड खूप पसरली. हाजी अलीला चालत जाऊन प्रवाळ बघता येतं हे कितीतरी मुंबईकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तेव्हा हे फक्त स्कूबाचं दुखणं नाही हे सांगायला आले. पायी बघणाऱ्यांचाही दाब असतोच. मी ज्या दिवशी शिकले तो दिवस सांगते. एका किनाऱ्यावर (मुद्दाम नाव लिहीत नाही) हौशी मंडळी दगड उलटवून खाली काय आहे बघत होती आणि तसेच टाकून पुढे जात होती. मी मागून येत होते. एका उलट्या दगडाखालच्या बाजूला, आता वर आलेल्या बाजूला, स्पंज, बारीक नळीत राहणारे किडे, शंखांची अंडी, सगळं उन्हात. जे कायम सावलीत आणि ओलाव्यात राहिलं ते दहा मिनिटांत सुकायला लागलं होतं. मी एकेक दगड सरळ करत गेले. अठरा मोजले. एकाखाली ऑक्टोपसची मादी होती, अंड्यांना बिलगलेली. अंडी फुटेपर्यंत ती काही खात नाही, तिथून हलत नाही. दगड उलटला तरी हलली नव्हती.

आता आमच्या गटात तीन गोष्टी पाळतो. दगड उलटवायचा नाही. तारामासा, स्पंज पाण्याबाहेर काढायचा नाही. आणि रिकामा शंखसुद्धा घरी न्यायचा नाही, कारण शंखातला खेकडा मोठा झाला की त्याला पुढचं घर तिथूनच शोधायचं असतं. पर्यटकांनी वेचलेल्या किनाऱ्यावर हे खेकडे बाटलीच्या झाकणात राहताना मी बघितलेत.

सुरक्षेचंही सांगते, मुलांना हे पटकन पटतं. काही झोअँथिडमध्ये अतिशय जहाल विष असतं आणि कोन शंखाचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. दोन्ही कोकण किनाऱ्यावर आहेत.

निळी_शाई

भरतीवेळ, अठरा दगड वाचून थांबलो. कायद्याचं जोडतो. प्रवाळं, समुद्री पंखे, समुद्रकाकड्या हे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघाला जी अनुसूची, तीच. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दात प्राण्याला इजा करणं आणि त्याच्या शरीराचा भाग घेणंही येतं. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं रीतसर परवानगी काढूनच हलवावी लागली. तेव्हा मोडलेला तुकडा 'आठवण' म्हणून बॅगेत टाकणं गमतीचं नाही.

दांडी_किनारा

नमस्कार. मी हय मालवणातच गाइड म्हणान काम करतंय. सगळ्यांका समजाक व्हया म्हणान पुढचा प्रमाण मराठीत लिवतंय.

धागा मला एका पाहुण्याने पाठवला. दोनदा वाचला. ताईंनी वर्णन केलंय तो गाइड मी नसेन, पण मीही असंच केलंय. खोटं कशाला बोलू.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो. मला डोक्यामागे पैसे मिळतात. गर्दीच्या दिवशी मी पंधरा-वीस वेळा खाली जातो. ज्याला धरून नेतो त्याला बहुतेक वेळा पोहता येत नाही. माझा एक हात त्याच्या सिलिंडरवर, दुसरा त्याच्या हवेवर. त्याचे पाय कुठे जातात ते मला दिसतं पण धरायला तिसरा हात नाही. तो घाबरला की त्याला काहीतरी टणक हातात हवं असतं. म्हणून आम्ही खडक धरायला देतो. आणि खडकावर मोकळी जागा कुठे असते?

ब्रेडचं. मी दोन दिवस ब्रेड बंद करून बघितला होता. बाजूच्या होडीवर मासे गोळा झाले, माझ्या पाहुण्यांनी विचारलं, आम्हाला का नाही. व्हिडिओत मासे नाहीत म्हणून एकाने पैसे कापले. तिसऱ्या दिवशी ब्रेड घेतला.

प्रशिक्षण झालेलं आहे. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांचा सागरी जैवविविधतेचा प्रकल्प होता तेव्हा किनाऱ्यावरच्या खूप मुलांना शिकवलं गेलं. तारकर्लीला एमटीडीसीचं केंद्र आहे. प्रवाळ जिवंत असतं हे आम्हाला माहीत आहे. माहिती कमी पडत नाही. वेळ कमी पडतो आणि पाहुणा मागतो ते द्यावं लागतं.

रापणकार काकांचंही बरोबर आहे, आम्ही त्याच घरांतले. माझा बाबा अजून होडी घेऊन जातो. पण काका, खडक मेला तर शेवंड (लॉबस्टर) कुठे लपणार? बाबाला शेवंड किल्ल्याच्या खडकातच मिळायची.

मला काय हवं ते लिहितो. एक, वाळूवर सराव. खडकापासून लांब वाळू आहे, तिथे दहा मिनिटं गुडघ्यावर बसवलं तर माणूस शांत होतो, मग खडकाजवळ नेला तरी लाथा मारत नाही. पण त्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कुणी देत नाही. दोन, बांधायला कायमच्या दोऱ्या, नांगर नको. तीन, सगळ्या होड्यांना एकच नियम. एकट्याने पाळला तर मी उपाशी.

ओहोटी

दांडी_किनारा, तुमचा प्रतिसाद वाचून मला धाग्याचा पहिला भाग पुन्हा लिहावासा वाटतोय. तिसरा हात नाही हे मी वर तरंगत असताना मला दिसलं नव्हतं.

वाळूवरच्या सरावाचे पैसे कुणी देत नाही म्हणता. मी देईन. या धाग्यावर लिहिणाऱ्यांपैकी किती जण देतील? बुकिंग करताना एवढंच लिहायचं: "आम्हाला आधी वाळूवर सराव हवा, त्याचे जास्तीचे पैसे देऊ. ब्रेड नको. खडकावर टेकलेला फोटो नको." होडीवाल्याला अशी चार माणसं महिन्यात भेटली तरी त्याला त्याची किंमत ठरवता येईल.

चिकूवाडी

आम्ही देऊ. दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरतच होतं.

समुद्रपार

ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला असते. ग्रेट बॅरियर रीफवर जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून दिवसाचा कर घेतला जातो, तो तिकिटातच असतो, कुणी कुरकुर करत नाही. आणि इथल्या मोठ्या होड्या ठरलेल्या तराफ्यांनाच लागतात. त्या ठिकाणचा रीफ झिजतो हे सगळ्यांना मान्य असतं, बाकीचा वाचतो. अंदमानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात, हेही त्यातलंच. थायलंडची माया बे २०१८ च्या जूनमध्ये पूर्ण बंद केली, जानेवारी २०२२ मध्ये उघडली तेव्हा मधल्या काळात छोटे शार्क परत आले होते. किल्ल्याभोवतीच्या खडकांत अशी आळीपाळी करता येणार नाही का?

रापणकार

आळीपाळीला माझी हरकत नाही. रापणीत आम्हीही जागा वाटून घेतोच, एकाने ओढली की दुसऱ्याची पाळी. पण ती वाटणी गावाने बसून करायची. कागद वरून आला तर परत १९८७ होईल. दांडी_किनारा, तू बाबाला घेऊन ये, बसून बोलू. पावसाळ्यात होड्या वर असतात, तेव्हा सगळ्यांना वेळ असतो.

दांडी_किनारा

येतो काका.

या आठवड्याचं सांगतो. तीन गट घेऊन गेलो, तिघांना आधी विचारलं की वाळूवर सराव चालेल का, ब्रेड नसेल. दोन गट बाजूच्या होडीवर गेले. तिसरा, मिरजेचं चौघांचं कुटुंब, थांबला. वाळूवर बसवलं. आजोबा पहिल्यांदा घाबरले, दुसऱ्यांदा उतरले तेव्हा हात छातीशी बांधून शांत राहिले. मग एकेकाला खडकाच्या कडेने नेलं, टेकवलं नाही. मासे कमी दिसले. त्यांच्या मुलीला मी ताईंची वीतभर जागा दाखवली, तशीच एक. पाटीवर लिहिलं, "इथेच बघ." ती पाच मिनिटं हलली नाही. तिला गोगलगाय दिसली. निळी, काठाला पिवळी रेघ. मी बारा वर्षं त्या खडकावर जातोय, मला ती कधी दिसली नव्हती.

जाताना त्यांनी सरावाचे पैसे वेगळे दिले.

ओहोटी

पांढरी फीत दिसली का आसपास?

दांडी_किनारा

आज सकाळी पुन्हा बघून आलो. आहे. गुंडाळलेली, बोटाच्या पेराएवढी. कुठे आहे ते इथे लिहीत नाही. शनिवार-रविवार गर्दी आहे, मी त्या बाजूला होडी नेणार नाही. बाजूच्या दोघांनाही सांगितलंय. एक हो म्हणालाय.